खुलासा : ४ जुलैला ५६ सह्या झाल्या नव्हत्या

‘४ जुलै १७७६ रोजी ५६ प्रतिनिधींनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, पहिली सही वॉशिंग्टन यांची’ हा मजकूर स्पर्धा परीक्षांच्या ग्रुपवर फिरतोय. गेल्या आठवड्यात मीही तो न तपासता पुढे पाठवला. चूक माझी आहे, म्हणून हे लिहितोय.

ब्रिटनपासून वेगळं होण्याचा ठराव फिलाडेल्फियात कॉन्टिनेन्टल काँग्रेसने (अमेरिकेतल्या वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने) २ जुलैला मंजूर केला. तिथले एक प्रतिनिधी जॉन अ‍ॅडम्स यांनी तर दुसऱ्याच दिवशी पत्नीला लिहिलं होतं, की पुढच्या पिढ्या २ जुलै साजरा करतील! ४ जुलैला मंजूर झाला तो जाहीरनाम्याचा मजकूर. चर्मपत्रावर प्रत लिहून घेण्याचा आदेश १९ जुलैचा, आणि बहुतेकांच्या सह्या २ ऑगस्टच्या. काँग्रेसच्या कामकाजाच्या नोंदींतच हे सापडतं. मॅथ्यू थॉर्नटन या प्रतिनिधींनी सही केली ती थेट नोव्हेंबरात.

वॉशिंग्टन यांची सही त्यावर नाहीच. ते तेव्हा न्यू यॉर्कमध्ये सैन्यासोबत होते. सर्वांत ठळक सही आहे ती काँग्रेसचे अध्यक्ष जॉन हँकॉक यांची.

परीक्षा देणारी मुलं तो चुकीचा मजकूरच पाठ करतायत. तो जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. माझ्याकडून गेला असेल तर डिलीट करा.