सांधा वाचवायला मावशीने चालणं सोडलं

‘गुडघे बदलू नका’ असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. म्हणणं असं: कृत्रिम सांधा दहा वर्षांत निकामी होतो, ऑपरेशननंतर माणूस अंथरुणाला खिळतो, गुडघ्यातलं वंगण औषधाने परत भरतं, पाचातल्या एकाचं दुखणं जातच नाही, तेव्हा चालणं बंद करून सांधा वाचवा आणि अगदीच पाय टेकवेनासा झाला तरच डॉक्टरकडे जा. माझ्या मावशीने हे खरं मानलं. चार महिने ती घराबाहेर पडलेली नाही.

दहा वर्षांची गोष्ट साफ खोटी. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली सांधेबदलाच्या राष्ट्रीय नोंदींवरून केलेला अभ्यास आला. पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षं टिकतात, असा त्याचा निष्कर्ष. पन्नाशीत ऑपरेशन झालं तर पुन्हा करावं लागण्याची शक्यता सत्तरीपेक्षा जास्त असते, हे खरं. पण मेसेजला तेवढं बारकाईने सांगायचंच नाही.

अंथरुणाला खिळण्याचं म्हणाल तर बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चालवतात. आणि ‘वंगण’ परत भरण्याचं म्हणाल तर झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, परत उगवणारं औषध अजून नाही. विषय संपला.

पाचातल्या एकाचं मात्र मान्य करावं लागतं. गुडघा बदलल्यावर साधारण तेवढे लोक समाधानी नसतात. काहींचं दुखणं उरतं, अनेकांना गुडघ्यांवर टेकून बसता येत नाही. वरचा ८२ टक्क्यांचा आकडा हे सांगत नाही. सांधा जागेवर आहे म्हणजे तो दुखत नाही असं नव्हे. ऑपरेशनआधी डॉक्टरांनी हे स्पष्ट सांगायलाच हवं. पण उरलेल्या चौघांचं काय, ते मेसेजमध्ये कुठेच नाही.

माझा खरा संताप ‘चालणं बंद करा’ यावर आहे. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. सांध्यावर भार येतो-जातो, तेव्हा आतल्या द्रवातून तिचं पोषण होतं. बसून राहिलं की मांडीचा स्नायू आटतो, आणि गुडघ्याला सावरणारा तोच. पुढे गुडघा पूर्ण सरळही होईनासा होतो. अशा अवस्थेत ऑपरेशनला गेलेला माणूस नंतरही मागेच राहतो, कारण नव्या सांध्याला चालवायचं याच स्नायूंना. व्यायामाने आणि वजन कमी करून भागत असेल तर ऑपरेशनची घाई नकोच. पण व्यायाम करत थांबणं वेगळं आणि खुर्चीत बसून थांबणं वेगळं!

मावशीला पूर्वी उठताना एका हाताचा आधार पुरायचा. आता दोन्ही हात टेकवावे लागतात. पुढच्या आठवड्यात तिला फिजिओथेरपिस्टकडे नेतोय. ऑपरेशन करायचं की नाही, ते ती आणि तिचे डॉक्टर ठरवतील.