तुमचं संगीत मंडळ ‘ग्रीन’ कसं कराल?

तुमचं मंडळ छोटं आहे, सभासद दोनशे, येणारे चाळीस, आणि यंदा जाहिरात मागायला गेलात तर समोरच्याने विचारलं की पर्यावरणासाठी काय करता, बरोबर ना? घाबरू नका. आधी एक फ्लेक्स करा. हिरवं पान, पानावर तंबोरा, खाली ‘पर्यावरणपूरक संगीत महोत्सव’. शंभर मायक्रॉनच्या आतल्या पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, तर जाड घ्या, पैसे जास्त जातील पण कायदा पाळल्याचं समाधान मिळतं आणि पावसाळ्यात सेक्रेटरींच्या स्कूटरवर टाकायला पण होतो (हा झाला पुनर्वापर). स्टेजमागचं नाव थर्माकोलचं नको हं, ते महाराष्ट्रात २०१८ पासून बंद, फोम शीटचं करा, दिसतं सेम.

पाहुण्यांना बुकेऐवजी रोप द्या. रोप प्लास्टिकच्या पिशवीत, वर चमकीचा कागद, त्यावर रिबन. गायिकाबाई विमानाने जाणार, तुळस घेऊन कुठे फिरणार बिचाऱ्या, म्हणून ते ग्रीन रूममध्ये खुर्चीखाली राहतं आणि नंतर कधीतरी झाडणाऱ्या मावशींना वाळलेलं सापडतं. पण फोटो येतो ना! अध्यक्षांना मात्र बुकेच द्या, रोप दिलं की त्यांना वाटतं खर्च वाचवला.

पाण्याचं पिंप आणि स्टीलचे पेले आता शोभत नाहीत. दोनशे मिलीच्या बाटल्या घ्या. माणूस दोन घोट पितो, बाटली खुर्चीखाली ठेवतो, मध्यंतरानंतर आपली कुठली ते आठवत नाही म्हणून नवीन उचलतो, आणि आलाप रंगात आला की पुढच्याच रांगेतले काका रिकामी बाटली दाबतात, कर्रर्र, तबलजी चमकून बघतो.

आता तंबोरे. मंडळाकडे मिरजेची जुनी जोडी असेलच. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातला, वाळवलेला, त्याला तुनाचं लाकूड, वर हाताने लावलेली जवारी (तारा ज्या घोडीवर टेकतात तिची घासून केलेली घडण, सूर तिच्यामुळे घुमतो), जोडी नीट सांभाळली तर दोन-तीन पिढ्या सहज वाजते, ना प्लग ना चार्जर. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा ग्रुपवर ‘अभिमानास्पद’ लिहून टाकलंच असेल तुम्ही. तर ही जोडी कपाटावर ठेवा. जवारी काढायला मिरजेला कोण जाणार, केवढा खर्च! त्यापेक्षा इलेक्ट्रॉनिक तंबोरा घ्या, जळला की दुसरा, मग तिसरा, नाहीतर मोबाईलवर अ‍ॅप आहेच, ऐन विलंबितात, म्हणजे संथ लयीत, लोनवाल्यांचा फोन येतो एवढंच.

विजेचं काय म्हणाल, तर जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले हा इंग्लिश बँड नवी मुंबईत आला तेव्हापासून खजिनदारांचा मुलगा सांगतोय की त्यांच्या टूरमध्ये प्रेक्षकांच्या नाचण्यावर वीज बनवणारी जमीन असते. आपल्याकडे नाही जमायचं. आपले श्रोते समेला मान हलवतात, तेवढ्यावर झिरोचा बल्बसुद्धा लागणार नाही. म्हणून जनरेटर सांगून ठेवा, आणि लाईट गेली नाही तरी चालू ठेवा, भाडं भरलंय.

हे सगळं झालं की वार्षिक अहवालात हिरव्या शाईत एक पान टाका आणि अहवाल आर्ट पेपरवर छापून दोनशे जणांना कुरियरने पाठवा, प्लास्टिकच्या पाकिटात, पाऊस असतो. पीडीएफ वगैरेच्या नादी लागू नका. पीडीएफ लोक उघडतात, आणि हिशोबाचं पान झूम करून बघतात.