थंडी खायला महाबळेश्वर

डिसेंबर लागला की पुण्यातल्या वर्तमानपत्रांत दोन बातम्या हमखास येतात. एक, 'पुणे महाबळेश्वरपेक्षा गार'. दुसरी, 'वेण्णा तलावाकाठी हिमकण'. सुज्ञ माणूस पहिली वाचून रजई डोक्यावर ओढतो. आमच्याकडे दुसरी वाचली जाते, तीही मोठ्याने.

"दाजी, शनिवार-रविवार थंडी खायला जायचं," मेव्हण्याने जाहीर केलं. हॉटेल ठरवून झालं होतं.

"अरे, आज शिवाजीनगरला ९ अंश आहे आणि महाबळेश्वरला १३. घरची थंडी टाकून तिकडे कशाला?"

"ती वेधशाळेची थंडी, दाजी. खरी थंडी वेगळी."

चीड याची येते की शास्त्र त्याच्या बाजूने आहे. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की रात्री जमीन भराभर उष्णता सोडते आणि गार, जड हवा उतारावरून खाली घरंगळत खोलगट जागी साचते. म्हणून १,३५० मीटरच्या आसपास असलेलं महाबळेश्वर तुलनेने उबदार राहतं आणि ५६० मीटरवरचं पुणे परातीत ठेवलेल्या पाण्यासारखं गारठतं. वेण्णा तलावही असाच सखल भागात. तिथलं गवत शून्यापर्यंत उतरतं नि दव गोठतं. वेधशाळेचा तापमापक मात्र वर, जमिनीपासून चार फुटांवर, पेटीत सुरक्षित.

मुंबईचा इंग्रज गव्हर्नर माल्कमसाहेब, त्याने १८२८ च्या सुमारास इथे ठाणं वसवलं ते उकाड्यापासून पळायला. बिचारा साहेब! डिसेंबरात घाट अडवणारी प्रजा त्याला ठाऊक नव्हती.

खंबाटकीत आम्ही इतका वेळ उभे होतो की शेजारच्या गाडीतल्या कुटुंबाशी ओळख होऊन विषय त्यांच्या मुलाच्या पत्रिकेपर्यंत गेला. सासूबाईंनी सगळ्यांना कानटोप्या चढवायला लावल्या होत्या. भर दुपारी. "घाटातला वारा बाधतो, जावईबापू." वारा कुठला, पुढच्या ट्रकचा धूर होता. पसरणी घाटात मेव्हण्याच्या धाकट्याने वाईत खाल्लेली मिसळ परत केली, माझ्या नव्या शालीवर.

संध्याकाळी बॉम्बे पॉइंटवर सूर्य मावळला असं ऐकतो. मला पुढच्या माणसाची पाठ दिसली. स्ट्रॉबेरी क्रीम मात्र उत्तम होतं, त्याबद्दल तक्रार नाही.

खरा कार्यक्रम पहाटेचा. "ऊन पडलं की हिमकण संपले," म्हणून मेव्हण्याने सगळ्यांना साडेपाचला उठवलं. हॉटेलात गरम पाणी सात ते नऊ. मी तोंडावर जे मारलं त्याला पाणी म्हणणं धाडसाचं होतं.

तलावाकाठी निम्मं पुणे आधीच हजर. सगळे मोबाइलच्या उजेडात वाकून गवत चाचपत होते, जणू कुणाची अंगठी हरवली आहे. चहावाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "काल आला असता तर! काल पांढरंशुभ्र होतं. आज वारा सुटलाय ना."

तेवढ्यात आरडाओरडा झाला. टपरीच्या आडोशाला उभ्या असलेल्या एका टॅक्सीच्या टपावर पांढरा थर सापडला होता. फोटोसाठी रांग लागली. मेव्हण्याने तो थर नखाने खरवडून सासूबाईंच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी निरखून पाहिला. "हे तर आपल्या फ्रीजमध्ये असतं. मी दर रविवारी खरवडून टाकते."

आमचा नंबर यायच्या आत टॅक्सीवाला आला. त्याने फडकं काढलं, एका हातात सगळा टप पुसून टाकला. रांगेतून हाय हाय झाली.

"आर्थर सीट, जुनं महाबळेश्वर, सगळं फिरवून आणतो साहेब. बसा."

"आत हीटर आहे का रे बाबा?" सासूबाईंनी कानटोपी सावरत विचारलं.

"हीटर बिघडलाय आजी. पण एसी एकदम कडक आहे. लावू?"