दुसरी बॅटरी थेट जोडू नका

जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचा कॅम्पर (राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) करण्यावरच्या एका लेखात पंखा-फ्रिजसाठीची दुसरी बॅटरी 'मूळ बॅटरीला प्लसला प्लस, मायनसला मायनस लावून टाका, ४ चौरस मिमीची वायर पुरते' असं म्हटलंय. बाकी लेख कामाचा आहे, पण हे करू नका. रात्रभर फ्रिज चालला की दोन्ही बॅटऱ्या सोबतच बसतात आणि सकाळी गाडी धक्का स्टार्ट. शिवाय सेल्फ मारताना स्टार्टर मागच्या बॅटरीतूनही करंट ओढतो, तोही त्याच बारीक वायरीतून. वायर तापते, इन्सुलेशन वितळतं. मधे व्होल्टेज सेन्सिंग रिले, म्हणजे व्होल्टेज बघून दोन्ही बॅटऱ्या आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच, टाका. तो साधारण १३.३ व्होल्टला जोडतो आणि १२.८ ला तोडतो. इंजिनपासून मागपर्यंत ५ मीटर धरले तर जाऊन-येऊन १० मीटर वायर होते. ४ चौरस मिमीत ४० अँपिअरला पावणेदोन व्होल्टच्या वर घट येते, मग बॅटरी भरणार कशी? १६ चौरस मिमीत तीच घट अर्ध्या व्होल्टच्या आत राहते. फ्यूज प्लसच्या वायरीला दोन्ही टोकांना, बॅटरीच्या अगदी जवळ.

आणखी एक. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी स्वस्तात मिळते म्हणून बरेच जण तीच सीटखाली ठेवतात. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून बंद पेटी आणि बाहेर काढलेली नळी हवीच. आपल्याकडं लातूर-बीडच्या मे महिन्यात पाणी भराभर आटतं, तेव्हा पातळी दर पंधरवड्याला बघा. भरायचं ते डिस्टिल्ड वॉटरच, बोअरचं क्षाराचं पाणी प्लेटांची वाट लावतं.