रात्री दहाला झोपा आणि २१ दिवसांत केस परत मिळवा म्हणे!

'केस गळतात कारण तुम्ही ताण घेता. रात्री दहाला झोपा, २१ दिवसांत केस परत येतील. रक्ततपासण्या, औषधं ही सगळी लूट. हार्वर्डने सिद्ध केलंय.' हा फॉरवर्ड मी मुकाट्याने डिलीट करत होते. पण आता तो माझ्या धाकट्या बहिणीपर्यंत पोचलाय. तिचं बाळ चार महिन्यांचं, केस मुठीमुठीने जातायत, आणि हे वाचून तिने डॉक्टरांनी सांगितलेली थायरॉइडची तपासणीच रद्द केली. 'मीच झोपत नाही गं, ताई,' म्हणाली. तान्ह्या बाळाच्या आईला दहाला झोपायला सांगणारा हा महाभाग कोण, ते मला एकदा बघायचंय.

गरोदरपणात इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे वाढीच्या अवस्थेत टिकून राहिलेले केस बाळंतपणानंतर एकदम विश्रांतीत जातात आणि काही महिन्यांनी गळतात. बहुतेकींचं वर्षभरात आपोआप सावरतं. त्यात तिचा काडीचा दोष नाही. पण बाळंतपणानंतर थायरॉइडही बिघडू शकतो, लोह कमी पडू शकतं, आणि दोन्हींनी केस गळतात. हे नुसतं डोकं बघून कळत नाही, रक्तच तपासावं लागतं. म्हणजे जे करायला हवं, नेमकी तीच यांच्या लेखी लूट!

२१ दिवस कुठून काढले देव जाणे. केसाची विश्रांतीच सुमारे तीन महिन्यांची असते. एकदम भरमसाट गळू लागलेल्या केसांचं कारण बहुधा दोन-तीन महिन्यांपूर्वीच्या मोठ्या तापात, शस्त्रक्रियेत किंवा अघोरी डाएटमध्ये सापडतं, कालच्या जागरणात नाही. शिवाय नवा केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो.

आता हार्वर्ड. अभ्यास खरा आहे. तिथल्या या-चिए शू यांच्या प्रयोगशाळेचा, २०२१ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेला. ताणाच्या संप्रेरकामुळे केसाच्या मुळाशी एक प्रथिन कमी पडतं आणि केस विश्रांतीतच अडकतो, असं त्यात दिसलं. उंदरांमध्ये! तेव्हा दीर्घ ताणाने केस गळू शकतात, हे मान्य. अपुऱ्या झोपेने ताण वाढतो, तेही मान्य. ताणात कोंडाही बळावतो, पण त्यामागे टाळूवरची मॅलॅसेझिया नावाची बुरशी असते आणि तिच्यावर केटोकोनॅझोलचा शाम्पू मिळतो.

आनुवंशिक टकलाचं तर झोपेशी देणंघेणंच नाही. ते जनुकांचं आणि डीएचटी या संप्रेरकाचं काम. त्यासाठी मिनॉक्सिडिल हे औषध लावत असाल आणि हा फॉरवर्ड वाचून थांबवलंत, तर त्याने राखलेले केसही काही महिन्यांत जातील.