कम्प्युटरवर ट्रॅकर बसवला की काम वाढतं? फिरत्या संदेशातला एकेक दावा

छोट्या उद्योजकांच्या आणि सीए ऑफिसांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरतो. थोडक्यात तो असा: कर्मचाऱ्यांच्या कम्प्युटरवर मॉनिटरिंग सॉफ्टवेअर, म्हणजे ट्रॅकर, बसवा. कोण टंगळमंगळ करतो ते आयडल टाइमवरून, म्हणजे कम्प्युटर नुसता पडून असलेल्या वेळेवरून, कळतं. पहिल्याच महिन्यात उत्पादकता वाढलेली दिसते. दर पाच मिनिटांनी स्क्रीनशॉट घेतला की पुरावा हाताशी राहतो. कम्प्युटर कंपनीचा आहे, तेव्हा कुणाला सांगायची गरज नाही. आणि जो प्रामाणिक आहे त्याने घाबरायचं कशाला?

मालकाची काळजी रास्त आहे. पगार तो देतो आणि काम रखडलं की ग्राहकाची बोलणीही तोच खातो. म्हणूनच पैसे आणि विश्वास दोन्ही खर्च करण्याआधी हे सॉफ्टवेअर नेमकं काय मोजतं ते त्याला माहीत असायला हवं.

"आयडल टाइमवरून कामचुकार कळतो."

शेवटची की कधी दाबली गेली किंवा माऊस कधी हलला, याची नोंद विंडोज ठेवतं. ट्रॅकरचा एजंट, म्हणजे पाठीमागे चालणारा छोटा प्रोग्रॅम, ती नोंद सतत वाचत असतो. ठरवलेली मर्यादा ओलांडली की तो 'आयडल' असा शिक्का मारतो. माणूस खुर्चीत आहे का, फोनवर बोलतोय का, कागद वाचतोय का, हे त्याला कळत नाही.

समजा मर्यादा पाच मिनिटांची आहे आणि अकाउंटंटने थकलेलं बिल वसूल करायला बारा मिनिटं फोनवर घालवली. काही सॉफ्टवेअरं मर्यादेनंतरची सातच मिनिटं आयडल धरतात. काही मागे जाऊन पूर्ण बारा मिनिटं कापतात. फोन तोच आणि वसुलीही तीच, पण रिपोर्ट दोन वेगळे येतात. हे सेटिंग कुठे आहे आणि कसं लावलेलं आहे, हे न पाहता कुणालाही जाब विचारणं अन्यायाचं आहे. कागदी व्हाउचर तपासणारा आर्टिकल (सीएकडे शिकणारा उमेदवार), ड्रॉइंग वाचणारा इंजिनीअर, गोडाऊनमध्ये जाऊन माल मोजून येणारा स्टोअरकीपर, हे सगळे या हिशेबात रिकामटेकडे ठरतात. जीएसटीआर-३बी या जीएसटीच्या मासिक रिटर्नची २० तारीख जवळ आली की सीए ऑफिसात निम्मं काम फाइली उलगडण्याचं आणि क्लायंटला फोन करून राहिलेली बिलं मागण्याचं असतं. नेमक्या त्या आठवड्यात आयडलचा आकडा वाढतो.

फ्रान्सच्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने, 'सीएनआयएल'ने, डिसेंबर २०२४ मध्ये एका स्थावर मालमत्ता कंपनीला ४०,००० युरोंचा दंड ठोठावला, तो अशाच प्रकरणात. ३ ते १५ मिनिटं कीबोर्ड-माऊस हलला नाही की तिथलं सॉफ्टवेअर ती निष्क्रियता मोजत होतं, शिवाय स्क्रीनशॉटही घेत होतं. सोबत कॅमेऱ्याचं सततचं चित्रीकरण होतंच. मीटिंग आणि फोन हेही कामच आहे, हे प्राधिकरणाला त्या निर्णयात स्पष्ट लिहावं लागलं.

दुसरी बाजू तर याहून वाईट. माऊस आपोआप हलवणारी 'जिगलर' नावाची उपकरणं सर्रास मिळतात. यूएसबीचा जिगलर कम्प्युटरला साधा माऊस म्हणूनच दिसतो. आणि ज्या फिरत्या चकतीवर आपला माऊस नुसता ठेवायचा असतो, ती तर कम्प्युटरला जोडलेलीच नसते. त्यामुळे डिव्हाइसच्या यादीत तिचा मागमूस नाही. अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेने २०२४ मध्ये कीबोर्ड चालू असल्याचा आभास निर्माण केल्याबद्दल डझनभराहून जास्त कर्मचाऱ्यांना काढलं. एवढी मोठी बँक हालचालीवर लक्ष ठेवत होती आणि लोकांनी तिला हालचालच पुरवली.

"पहिल्याच महिन्यात उत्पादकता वाढते."

डॅशबोर्डवरचा, म्हणजे सॉफ्टवेअर मालकाला दाखवतं त्या पानावरचा, आकडा वाढतो, हे खरं. तो आकडा कसा तयार होतो ते पाहू. प्रत्येक ॲप आणि वेबसाइटला 'उत्पादक', 'अनुत्पादक' किंवा 'तटस्थ' असं लेबल असतं. उत्पादक लेबलवाल्या वेळेला एकूण नोंदलेल्या वेळेने भागलं की झाली टक्केवारी.

एका ऑर्डर-डेस्कवरच्या कर्मचाऱ्याचा दिवस घ्या. नोंदलेली एकूण मिनिटं ४५०. त्यात टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि एक्सेल २४०, ईमेल ५०, व्हॉट्सॲप वेब ६०, फोन आणि कागद म्हणजे आयडल ७०, इतर ३०. व्हॉट्सॲप वेबला तयार यादीत बहुधा 'सोशल मीडिया', म्हणजे अनुत्पादक, असं लेबल असतं. उत्पादक मिनिटं झाली २९०, म्हणजे ६४ टक्के. आता कुणाच्या तरी लक्षात येतं की आपल्याकडे डीलर ऑर्डरी व्हॉट्सॲपवरच टाकतात. लेबल बदललं की उत्पादक मिनिटं ३५० आणि आकडा ७८ टक्के. एकही ऑर्डर जास्त निघाली नाही, तरी २९० वरून ३५० म्हणजे 'उत्पादकतेत २० टक्के वाढ' असं खुशाल सांगता येतं. पहिल्या महिन्यात ही लेबलं दुरुस्त करण्याचं काम सगळीकडेच चालतं. शिवाय एक्सेलमध्ये कुणी स्वतःच्या शेअर्सचा हिशेब मांडला तरी तो वेळ उत्पादकच धरला जातो.

खरी कामगिरी तपासणारा अभ्यासही झालेला आहे. इलेक्ट्रॉनिक देखरेखीवरच्या ९४ नमुन्यांचा, २३ हजारांहून जास्त कामगारांचा एकत्रित आढावा 'पर्सोनेल सायकॉलॉजी' या नियतकालिकात आला. देखरेखीने कामगिरी सुधारते याचा पुरावा त्यात सापडला नाही. संबंध जवळजवळ शून्य निघाला. ताण मात्र थोडा वाढलेला आढळला.

"स्क्रीनशॉट म्हणजे पक्का पुरावा."

पाच मिनिटांनी एक, आठ तास: माणशी ९६. पन्नास माणसांचे रोजचे ४,८००. प्रत्येकाकडे दोन सेकंद पाहायचं म्हटलं तरी दोन तास चाळीस मिनिटं लागतात, तीही रोज. इतका वेळ कुठल्याच ऑफिसात कुणाकडे नसतो. मग चित्रं नुसती साठत जातात. एक चित्र साधारण २५० केबीचं धरलं तर २२ दिवसांत २६ जीबी होतात.

या ढिगात काय असतं? पगारपत्रकं, क्लायंटची रिटर्न्स, नेट बँकिंगची पानं, आजारपणाच्या रजेचे ईमेल, स्क्रीनवर आलेला ओटीपी. जी माहिती एरवी पाच वेगवेगळ्या कुलपांआड असते ती इथे एकाच फोल्डरमध्ये चित्ररूपात जमा होते. एप्रिल २०२५ मध्ये वर्ककंपोझर या ट्रॅकिंग सेवेचे २ कोटी १० लाखांहून जास्त स्क्रीनशॉट क्लाउडवर कुठल्याही संरक्षणाशिवाय उघडे सापडले. ज्या कंपन्यांनी ते सॉफ्टवेअर विकत घेतलं होतं, त्यांचीच आतली माहिती त्यात होती.

दाबलेली प्रत्येक की टिपणाऱ्या कीलॉगरबद्दल एवढंच सांगतो: बसवू नका. तो पासवर्डही टिपतो, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांनी पासवर्डला संवेदनशील वैयक्तिक माहिती मानलेलं आहे. जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये ठोस संशय नसताना बसवलेल्या कीलॉगरचा पुरावा ग्राह्यच धरला नाही. म्हणजे 'पक्का पुरावा' कोर्टात टिकलाही नाही.

"कम्प्युटर आपला, मग सांगायचं कशाला?"

हा एकच दावा अर्धा खरा आहे. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी संमतीशिवाय माहिती वापरायला वाव ठेवलेला आहे. पण सवलत तिथेच संपते. माहिती सुरक्षित ठेवायची आणि कारण संपलं की पुसायची, ही कलम ८ मधली जबाबदारी मालकावरच राहते. माहिती सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याकडून फुटली तरीही. सुरक्षेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे. तयारीसाठी हा वेळ फार नाही. पुण्या-मुंबईच्या ज्या कंपन्यांचं ऑफिस न्यूयॉर्क राज्यातही आहे, त्यांना तिथल्या कर्मचाऱ्यांना ७ मे २०२२ पासून देखरेखीची लेखी सूचना द्यावीच लागते.

कायदा बाजूला ठेवला तरी लपूनछपून बसवलेला एजंट फार दिवस लपत नाही. तो टास्क मॅनेजरमध्ये दिसतो, अँटिव्हायरस त्याला पकडतो, किंवा लॅपटॉप गरम होऊन पंखा घरघरायला लागतो आणि कुणीतरी शोध घेतं. मग चर्चा कामाची उरत नाही, फसवणुकीची होते. फेब्रुवारी २०२० मध्ये बार्कलेज बँकेने लंडनमध्ये सेपियन्स हे मूळ पुण्यात तयार झालेलं सॉफ्टवेअर वापरून कर्मचाऱ्यांच्या डेस्कवरच्या वेळेची माहिती व्यक्तीनिहाय पाहायला सुरुवात केली. माणसं भडकली, बातमी बाहेर गेली आणि काही दिवसांत बँकेला माघार घ्यावी लागली.

"प्रामाणिक माणसाने घाबरायचं कशाला?"

वरची सगळी उदाहरणं प्रामाणिक माणसांचीच आहेत: फोनवर वसुली करणारा, कागद तपासणारा, व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेणारा. मोजमाप चुकीचं असलं की सगळ्यात आधी फटका यांनाच बसतो.

मग मालकाने करायचं काय? कामाचा माग काम जिथे होतं तिथेच असतो. कंपन्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांचा माग ठेवणं सक्तीचं आहे. टॅलीच्या एडिट लॉगमध्ये कुणी कुठलं व्हाउचर कधी बदललं ते आधीच आहे. ऑर्डर आल्यापासून माल निघेपर्यंतचे तास, परत आलेली चुकीची बिलं आणि शुक्रवारी संध्याकाळी उरलेली प्रलंबित कामं, हे तीन आकडे आठ आठवडे लिहून काढा. अडचण माणसात आहे की सह्यांसाठी अडकलेल्या फाइलीत, ते बहुतेक वेळा एवढ्यावरच कळतं.

तरीही ट्रॅकर हवाच असेल तर तो नेमक्या कारणासाठी वापरा: कोणत्या सॉफ्टवेअरचे परवाने कुणी उघडतच नाही, कोणत्या टीमला रात्री दहापर्यंत बसावं लागतं, पेनड्राइव्हवर किती फाइली जातात. रिपोर्ट टीमचा काढा आणि चार-पाचांपेक्षा लहान गटाचा काढूच नका, नाहीतर नाव झाकूनही माणूस ओळखू येतो. मायक्रोसॉफ्टलाही आपल्या प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर या ऑफिस-सॉफ्टवेअरचा वापर मोजणाऱ्या सोयीमधून कर्मचाऱ्यांची नावं टीकेनंतर डिसेंबर २०२० मध्ये काढावी लागली. स्क्रीनशॉट बंद ठेवा. लेबलांची यादी त्या टीमसोबत बसून ठरवा. काय टिपलं जातं, कोण पाहतं, किती दिवसांनी पुसलं जातं, हे एका पानावर मराठीत लिहून प्रत्येकाला द्या. कच्च्या नोंदींना ३० दिवस पुरेत. आणि माणूस नोकरी सोडून गेला की त्याच्या लॅपटॉपवरून एजंट काढताना सर्व्हरवरचं त्याच्या नावाचं फोल्डरही त्याच दिवशी पुसा. एजंट निघतो, पण ते फोल्डर हमखास तसंच राहून जातं.