आत जायला एक 'हो' पुरला असता

मागच्या महिन्यात माझ्या शेजारणीच्या लेकीचं लग्न झालं. लग्न लागलं तेव्हा शेजारीण टेंपलच्या बाहेर बाकावर बसून होती. पोरीची सख्खी आई. मी तिच्या शेजारी बसले होते, थर्मासमध्ये आलं आणि गवती चहाचा उकाळा घेऊन. नवरा आत होता, थोरला मुलगा आत होता, व्याही-विहीण आत होते. आम्ही दोघी बाहेर. बोलणं असं काही झालं नाही. ती मधूनमधून दाराकडे बघायची, मी तिच्याकडे.

अमेरिकेतल्या युटामध्ये राहून मला बारा वर्षं झाली. इथे आजूबाजूला बहुतेक सगळे मॉर्मन, म्हणजे एका ख्रिस्ती पंथाचे लोक. (चर्चला आता हा शब्द नको आहे, २०१८ पासून ते पूर्ण नावच वापरायला सांगतात. पण आपल्या लोकांना हाच शब्द कळतो म्हणून वापरते.) त्यांच्यात दर रविवारची प्रार्थना चर्चमध्ये होते, तिथे कुणीही जावं. टेंपल वेगळं. तिथली लग्नं फक्त या जन्मापुरती मानत नाहीत, मृत्यूनंतरही नवरा-बायको आणि मुलंबाळं एकत्र राहतात अशी त्यांची श्रद्धा. आत जायला 'रेकमेंड' लागतं, म्हणजे एक छोटं कार्ड. ते मिळवण्यासाठी बिशपसमोर बसून ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. उत्पन्नाचा दहावा हिस्सा देता का, दारू-तंबाखू-चहा-कॉफी टाळता का, चर्चचे अध्यक्ष हे देवाचे प्रेषित आहेत असं मानता का.

पहिल्या दोन प्रश्नांना शेजारणीची उत्तरं स्वच्छ होती. चहा-कॉफीला ती आजही शिवत नाही. तिसऱ्या प्रश्नाला एक 'हो' म्हटलं असतं की कार्ड हातात होतं. बिशप तिच्याच गल्लीतला माणूस, पगार न घेता हे काम करणारा, तिच्या मुलांना लहानाचं मोठं होताना बघितलेला. त्याने दुसऱ्यांदा विचारलंही, म्हणाली. ती 'हो' म्हणाली नाही. खोटं बोलून आत गेले असते तर लेकीच्या शेजारी उभं राहायची लाज वाटली असती, हे तिचे शब्द.

लेकीचा लग्नाचा पांढरा झगा बिनबाह्यांचा होता. टेंपलमध्ये तो चालत नाही. बाह्या आईने शिवल्या, रात्री जागून, तीन वेळा उसवून. मी बघितलंय ते. त्या बाह्या आत गेल्या.

पूर्वी इथे आधी साधं लग्न लावलं तर टेंपलच्या विधीसाठी वर्षभर थांबावं लागायचं. मे २०१९ मध्ये चर्चने ती अट काढली, त्यामुळे आता काही घरांत आधी सगळ्यांसमोर लग्न होतं आणि मग टेंपलमध्ये. लेक म्हणाली होती, आई, आपण तसंच करू. हिनेच नको म्हटलं. "टेंपलमधल्या लग्नाचं स्वप्न तिला मीच दाखवलं, ती पाच वर्षांची असल्यापासून. आता मीच कसं मोडू?"

तिची श्रद्धा कशी गेली हे मी फार जवळून पाहिलं. ती रविवारी मुलांना धर्माचे धडे शिकवायची. धड्याची तयारी करताना तिने चर्चने स्वतःच प्रसिद्ध केलेले लेख वाचले. हे लेख २०१३ ते २०१५ या काळात आले. कुणा विरोधकाने लिहिलेले नव्हते, चर्चच्याच संकेतस्थळावरचे. पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याने सोन्याच्या पत्र्यांवरून 'बुक ऑफ मॉर्मन' ही पोथी उतरवली, ती १८३० साली छापली, हे ती जन्मापासून ऐकत आली होती. चित्रात नेहमी तो पत्र्यांवर बोट ठेवून वाचताना दिसायचा. लेखात होतं, तो हॅटमध्ये एक दगड ठेवायचा, त्यात तोंड घालून शब्द सांगायचा. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये चर्चच्या मासिकात त्या तपकिरी दगडाचा फोटोसुद्धा आला. दुसऱ्या एका लेखात होतं की स्मिथची तीस ते चाळीस लग्नं झाली आणि त्यांतली सगळ्यात लहान मुलगी पंधराव्या वाढदिवसाच्या काही महिने अलीकडची होती. आणखी एका लेखात, कृष्णवर्णीयांना १९७८ पर्यंत पौरोहित्य नाकारलं आणि त्यासाठी दिलेली कारणं आज चर्चला मान्य नाहीत, असं.

आपले लोक यातला दगडच तेवढा उचलतात. आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर त्या हॅटवरून किती हसणं झालं! मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. तिचं दुखणं दगड नव्हतंच. देव झाडातून बोलतो, खांबातून येतो, तर दगडातून का बोलणार नाही? ती म्हणाली होती, "मी वीस वर्षं मुलांना ते चित्र दाखवलं. हे खरं आहे म्हणून सांगितलं. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी त्यांना सांगितलं नाही."

इथे शंका साठवायच्या जागेला लोक 'फळी' म्हणतात. जे पटत नाही ते फळीवर ठेवायचं, देव पुढे उलगडेल म्हणायचं. वर्षानुवर्षं ठेवत जायचं. आणि एक दिवस, एखाद्या अगदी हलक्या वस्तूने, फळी मोडते. "माझी फळी मोडली" हे वाक्य मी इथे किती जणांच्या तोंडून ऐकलंय. प्रत्येक वेळी आवाज खाली गेलेला असतो.

माझं मत स्पष्ट सांगते. शंकेने ही माणसं मोडत नाहीत. 'मला माहीत आहे' या शब्दांनी मोडतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास असतो आणि मंडळी एकेक करून उठून साक्ष देतात. "हे चर्च खरं आहे हे मला माहीत आहे." चार वर्षांचं पोरसुद्धा माईकवर तेच म्हणतं, आई कानात सांगत असते. मला वाटतं, माझा विश्वास आहे, मला आशा आहे, असं बोलणारे फार थोडे. खरं तर त्यांच्याच एका धर्मग्रंथात लिहिलंय की काहींना कळण्याचं वरदान मिळतं आणि काहींना, ज्यांना कळलंय त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवण्याचं. म्हणजे जागा होती, ग्रंथातच होती. माईकपर्यंत ती पोचली नाही. लहानपणापासून 'माहीत आहे' म्हणत आलेल्या माणसाला पस्तिसाव्या वर्षी 'नक्की माहीत नाही' म्हणायला पायरीच उरत नाही, थेट खाली पडतो.

तिचा नवरा राहिला. तेच लेख त्यानेही वाचले, तिच्या शेजारी बसून. त्याला कमी कळलं असं कुणी म्हणू नये. तो आता साक्ष देताना 'माहीत आहे' म्हणत नाही, 'मी विश्वास ठेवायचं ठरवलंय' म्हणतो. मी एकदा सरळ विचारलं, का राहिलास? तो म्हणाला, वडील आजारी होते तेव्हा आठ महिने दारातला बर्फ मी एकदाही काढला नाही. सकाळी उठायचो तर वाट मोकळी असायची. कोण काढून गेलं ते मला आजही माहीत नाही. मी जिथे देव पाहिला तिथून उठून कुठे जाऊ?

मला हे उत्तर पटतं. आणि बाहेर बाकावर बसलेलीही मला पटते. दोन्ही एकाच वेळी पटतात.

राहणाऱ्यांची गोष्ट निघाली की मला ज्युआनिटा ब्रुक्स आठवतात. दक्षिण युटातल्या सेंट जॉर्जच्या शिक्षिका, पक्क्या मॉर्मन, मुलाबाळांच्या धबडग्यातली बाई. १८५७ च्या सप्टेंबरमध्ये तिथून जवळच माउंटन मेडोज इथे आर्कान्सामधून कॅलिफोर्नियाला निघालेल्या तांड्याला पांढरं निशाण दाखवून बाहेर काढलं आणि सुमारे १२० माणसं मारली. मारणारे मुख्यतः तिथलेच मॉर्मन होते. वाचली ती फक्त सतरा लहान मुलं. पुढे कित्येक वर्षं सगळा दोष पायूट आदिवासींवर आणि जॉन ली या एकाच माणसावर ढकलला गेला. लीला १८७७ मध्ये त्याच जागी गोळ्या घातल्या.

ब्रुक्स तरुण शिक्षिका होत्या तेव्हा एका म्हाताऱ्याने त्यांना गाठलं होतं. डोळ्यांनी पाहिलेलं पण तोंडाने कधी न बोललेलं मला लिहून ठेवायचंय, म्हणाला. बाईंनी नंतर येते म्हटलं. नंतर गेल्या तेव्हा तो अखेरच्या घटका मोजत होता आणि वातात 'रक्त, रक्त' ओरडत होता. तो त्या कत्तलीत हजर होता हे त्यांना मग कळलं. ते त्यांनी आयुष्यभर मनाला लावून घेतलं. कागदपत्रं जमवून १९५० साली पुस्तक काढलं आणि आपल्याच लोकांनी काय केलं ते लिहिलं. टाइपरायटर घरात, आणि कुणी शेजारीण आली की त्यावर इस्त्रीचे कपडे टाकून तो झाकायच्या, असं सांगतात. पुस्तकानंतर लोक फटकून वागले. चर्च त्यांनी सोडलं नाही, चर्चनेही त्यांना काढलं नाही, आणि लिहिलेल्यातलं काही मागे घेतलं नाही. १९६१ मध्ये चर्चने लीचं सदस्यत्व मरणोत्तर परत दिलं. मला ती इस्त्रीच्या कपड्यांखालची श्रद्धा फार मोठी वाटते.

आणि म्हणून आपल्या लोकांनी नाकं मुरडली की मला राहवत नाही. माझ्या अप्पांनी धाकटा काका गेल्यावर देवपूजा सोडली. आई करत राहिली. गणपतीत आरतीचं तबक अप्पाच धरायचे, मोदकांना पहिला हात त्यांचाच. त्यांना कुणी विचारलं नाही, तुम्ही मानता का? मी हे इथे अभिमानाने सांगायचे. शेजारणीला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, मग तुमच्याकडे कुणाला बाहेर बसवतच नाहीत? मला उत्तर द्यायला वेळ लागला. बसवतात. देव मानला नाही म्हणून नाही, जातीबाहेर लग्न केलं म्हणून, पंचांचं ऐकलं नाही म्हणून. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली कायदा करावा लागला, तो उगाच नाही.

चर्चमध्ये सोडून गेलेल्यांबद्दल मी ऐकलंय, त्यांना पाप करायचं होतं, कंटाळा आला, कुणीतरी दुखावलं. सोडून गेलेल्यांकडून राहणाऱ्यांबद्दल ऐकलंय, मेंदू गहाण टाकलाय. दोन्ही बोलणी मला सहन होत नाहीत. एकाच घरात, एकाच टेबलावर जेवताना मी त्या दोघांना पाहते. जेवणाआधी तो प्रार्थना म्हणतो, ती डोळे मिटून बसते. 'आमेन' दोघं म्हणतात.

दार उघडलं तेव्हा लेक फोटोग्राफरकडे गेली नाही, बाकाकडे आली. डाव्या बाहीचा टाका निघाला होता. शेजारणीने पर्समधून सुई-दोरा काढला, सुई तोंडात धरली, आणि तिथेच उभ्याउभ्या टाका घातला. दोरा दातांनी तोडला. दोघींपैकी कुणी काही बोललं नाही.

परवा संध्याकाळी ती आली. आमच्या कुंडीतला गवती चहा आता चांगला माजलाय. बारा वर्षं मी तिच्यासाठी चहापूड न घालता उकाळा करते. आधण ठेवलं आणि पहिल्यांदाच विचारलं, आता चहा करू का खरा? आता कुणी विचारणार नाही तुला.

"नको," म्हणाली, "तोच कर. माझ्या आईच्या घरात चहा नव्हता."